आबाच्या खळ्यात पोळ्याची सुट्टी

आधीच सांगून टाकते. रुपचंद आबाला कोणी येडा म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे. मी म्हणते कधी कधी, पण मला चालतं. बाकीच्यांनी तोंड सांभाळायचं.

आबा माझे सख्खे आजोबा नाहीत. शेजारी आहेत, भिंतीला भिंत. मी नववीत शाळा सोडली तेव्हा आमच्या घरात कोणी मेल्यासारखे सगळे गप बसले होते. आबा एकटे दारात आले आणि म्हणाले, "सोडी दिन्ही ना शाळा? मंग बठी काब्र ऱ्हायनी? चाल, बईलस्ले पानी पाजाले." गेले मी. बैलांना पाणी पाजलं. तेव्हापासून आमचं जमतं. आता मी स्कुटीला कॅन बांधून गावातलं दूध डेअरीवर पोचवते, पण येताजाता आबाच्या खळ्यावर थांबल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

खळं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. माणसं राहतात ते घर. बैल, चारा, औतं, कापसाची गाठोडी राहतात ते खळं. आमचं गाव शिरपूरच्या अलीकडे, आणि आबाचं खळं गावाच्या पार टोकाला. सागाचे खांब, दोन माणसांनी मिळून मिठी मारावी असे. वर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर. एका भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत गव्हाण, मधे मधे लाकडी आडवे टाकून जागा केलेल्या, म्हणजे एका बैलाने दुसऱ्याचा चारा खायचा नाही.

हे खळं आबाच्या आजाने बांधलं. लाकूड सातपुड्यातून बैलगाड्यांवर आणलं. किती गाड्या, ते विचारू नका. मला आबाने पहिल्यांदा सांगितल्या त्याच्या दुप्पट गाड्या आता झाल्यात, आणि मधल्या एका घाटात वाघ पण उभा राहायला लागलाय. पण खांब खरे आहेत. या खळ्यात आबाच्या बापाचं लग्न झालं, पाऊस फार झाला त्या वर्षी गावाची शाळा भरली, आबाच्या दोन म्हशी व्याल्या आणि आबाचा मुलगा भूपेंद्र रुसून माळ्यावर लपला तेव्हा अख्खं गाव त्याला विहिरीत शोधत होतं. आबा घरात कमी आणि खळ्यात जास्त झोपले. त्यांची बायको पुष्पाबाई, म्हणजे आमची जिजी, खळ्याला सवत म्हणते. "मना नवरा सवतकडे गया," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

मग आबाचे गुडघे गेले. शेती ट्रॅक्टरवर गेली. चांद्या आणि काजळ्या, गावातली शेवटची चांगली जोडी, डोंगराकडच्या एका शेतकऱ्याला दिली, तिथे अजून ट्रॅक्टर चढत नाही. खळं रिकामं झालं. आबा मात्र पहाटे उठून तसेच जायचे. झाडायचे. रिकाम्या गव्हाणीपुढे पाण्याची बादली ठेवायचे आणि शीळ घालायचे. बैल पाणी पितो तेव्हा शीळ घालावी लागते, नाहीतर तो अर्ध्यात तोंड काढतो, असं आबाचं म्हणणं. पण तिथे बैलच नाही. मी एकदा म्हटलं, "आबा, कोणाले शीळ घाली ऱ्हायनात?" तर म्हणे, "सवय मोडाले नको." कोणाची सवय, बादलीची?

भूपेंद्रकाका दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला आहेत. माणूस वाईट नाही. पण कॉलनीत राहून राहून त्यांना सगळीकडे सिमेंट दिसतं. गेल्या उन्हाळ्यात आले, धाब्याकडे पाहिलं, खांबाला थाप मारली आणि म्हणाले, "आबा, हे पडेल कोणाच्या तरी अंगावर. पाडून टाकू. रस्त्याला लागून आहे, गाळे काढू."

आबा गप बसले की समजायचं, आता उपाशी झोपणार. तसंच झालं. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. शेवटी जिजीच चुलीपुढून ओरडली, "भूपेंद्र, मनी सवतले हात लावशी तर माले विचारीसन लाव!"

मग काकांनीच मधला रस्ता काढला. "बरं. पोळ्याला मी येतो. सोबत लीलाधर ठेकेदाराला आणतो. तोपर्यंत खळ्यात काहीतरी चालू असलं, रोज वापर असला, तर राहू दे. पण पोळ्याच्या दिवशी मला रिकामं दिसलं, तर दसऱ्याला जेसीबी."

"चालस," आबा म्हणाले. आणि लगेच भाकरी मागितली.

आता खळ्यात चालू काय करणार? पहिल्यांदा गावातल्या पोरांनी व्यायामशाळा काढली. धाब्याखालच्या आडव्या लाकडांना, म्हणजे सऱ्यांना, लोंबकळून अंग वर ओढायचं. प्रत्येक ओढीला धाब्याची माती खाली. पोरं पैलवान व्हायला आत जायची आणि पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी बाहेर यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी आबाने काठी घेतली. "मना आजाना खांद्यावर लोंबकयतस का रे?" व्यायामशाळा संपली.

मग डीजेवाल्याने आपले स्पीकर ठेवले. ते चांगलं चाललं असतं. पण एका स्पीकरमधे पारव्याने अंडी घातली. ऐन लग्नाच्या दिवशी डीजेवाला स्पीकर न्यायला आला, तर आबा आडवे आले. "पिल्लं उडतीन तवय लई जाय." त्या लग्नात डीजे एकाच बाजूने वाजला. डाव्या बाजूचे वऱ्हाडी नाचले, उजव्या बाजूचे बघत बसले. डीजेवाला परत आला नाही.

तिसरी गोष्ट मी केली, हे मी सांगणारच. मृणाली माझी मैत्रीण. बौद्धवाड्यात घर, एकच खोली, त्यात भावाचं रडकं बाळ आणि वडिलांचा टीव्ही. ती पोलीस भरतीची तयारी करते. धावायला शेत आहे, वाचायला जागा नाही. मी तिला म्हटलं, "चल, तुला असं ठिकाण दाखवते, जिथे फक्त पारवे बोलतात."

ती आली. घमेलं पालथं घालून गव्हाणीपुढे बसली. पुस्तक गव्हाणीत टाकलं, आणि दोघी एकमेकींकडे बघायलाच लागलो. उंची बरोबर! पुस्तक घसरत नाही, पेन गडगडत नाही, बाजूच्याची वही आपल्यात येत नाही. आबाच्या आजाने बैलांसाठी बांधलं खरं, पण अभ्यासासाठी याच्याहून चांगलं टेबल शिरपूरला पण मिळणार नाही.

महिन्याभरात गव्हाण भरली. कोणी तलाठी व्हायचं, कोणी सैन्यात जायचं. प्रेमराज नावाचा एक तर काय व्हायचं ते ठरवायलाच यायचा. आम्ही मोबाईलवर ग्रुप काढला, 'गव्हाण अभ्यासिका'. पोती शिवून बसायला गाद्या केल्या. वीज आबाने घरातून ओढली.

आता खरी गंमत ऐका. अभ्यासिका कशी चालवतात ते आबाला कुठे माहीत? त्यांना खळं चालवता येतं. त्यांनी खळंच चालवलं.

नवीन पोरगा आला की आबा पहिल्यांदा म्हणणार, "तोंड उघड." बैल घेताना बघतात तसे दात बघणार. काय कळायचं देव जाणे, पण मान हलवणार आणि जागा देणार. जागा एकदा दिली की दिली. आणि जोडीने. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. तेज पोराशेजारी मंद पोरगा, म्हणजे ओढ सारखी राहते. दोघांचं भांडण झालं आणि एक म्हणाला मला जागा बदलून द्या, तर आबा म्हणाले, "मी जोड मोडाव नही. आठे बठ. चार दिनमा वास वळखीना व्हयी जास."

संध्याकाळी मच्छर नको म्हणून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. बैलांना चालायचा. पोरं इतिहास वाचता वाचता रडायची, बाहेरच्याला वाटायचं किती मन लावून वाचतात. कोणाला डुलकी लागली की मागून आबाचा "हैक!" येणार आणि पोरगं झोपेतच दोन पावलं पुढे. नाश्त्याला गूळ-शेंगदाणे. आधी बैलांना घालायच्या सरकीच्या ढेपेचाच विचार होता, जिजीने अडवलं. आणि दुपारी सगळ्यांना रांगेने पाणी. पोरं तांब्या तोंडाला लावणार आणि आबा शीळ घालणार. पहिल्यांदा सगळे हसले, पाणी नाकात गेलं. मग काय झालं माहीत नाही, पण शीळ नसली की पोरांना पाणी जाईना. प्रेमराज घरी पण स्वतःच शीळ घालायला बघतो. एका वेळी दोन्ही होत नाही म्हणून चिडतो.

असा पोळा जवळ आला. मी खूश. काका येतील, भरलेली गव्हाण बघतील, विषय संपला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हळद आणि तूप लावून. वर्षभर जू वाहिलं त्याचं. आबाने संध्याकाळी वाटीत हळद-तूप कालवून आणलं आणि पोरांना विचारलं, "तुमले कोठे दुखस?" सगळे म्हणाले, मान. आबाने पोरांच्या माना चोळल्या, जिजीने पोरींच्या. पिवळ्या मानांची ती फौज बघून मी हसून हसून गव्हाणीत पडले. मग आबा उभे राहिले आणि म्हणाले, "सकाय पोया शे. सकाय कोनी पुस्तक उघडानं नही. बठ्ठास्ले सुट्टी."

माझं हसू तिथेच थांबलं. पोरं "सुट्टी!" म्हणून ओरडत पळाली पण.

"आबा! उद्या काका येणार आहेत!"

"येवू दे."

"उद्याच बघणार आहेत ना ते, वापर आहे की नाही! उद्याच सुट्टी दिली तुम्ही?"

"पोयाले आपले हातघाईनं काम निंघनं म्हणीसन बईल जुपतस का कोनी?"

"ते बैल नाहीत, आबा! पोरं आहेत!"

"मना खळामा ऱ्हातस ना? वरीसभर मान मोडतस ना? मंग?"

"बरं, अभ्यास नको. नुसतं नाटक करू. पुस्तक उघडून बसतील, काका गेले की मिटतील."

आबाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चांद्याला खाटकाला विकायचं म्हटलं असेन. "रत्ना, पोयाले नाटकबी करानं नही."

मी लय बोलले. जे नको ते बोलले. जेसीबी येईल तेव्हा बसा शीळ घालत, असं पण बोलले. आबा गव्हाण झाडत राहिले. झाडू जरा जोरात चालत होता, तेवढंच. मग पाठ करून म्हणाले, "पाडतीन तर पाडतीन. पन मना आजाना खळामा पोयाले कोनीच जू वाहेल नही."

आणि झाडून झालेली गव्हाण पुन्हा पहिल्यापासून झाडायला घेतली. मी पाहिलं. म्हणून गप झाले.

सकाळी मी दूध पोचवून तडक जिजीकडे गेले. जिजी चुलीवर मातीचं खापर पालथं घालून पुरणपोळ्या भाजत होती. आमच्याकडे पोळी हातावर फिरवून फिरवून मोठी करतात, पार टॉवेलएवढी, आणि खापरावर टाकतात. ढीग लागला होता.

"जिजी, एवढ्या कोणासाठी? बैल तर नाहीत."

"तोच सांगी गया. म्हणे, जितला खळामा शेत तितलासना पुरत्या कर."

म्हटलं आबा आहेत कुठे? तर आबा गावात. घरोघरी. चांद्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ हातात घेऊन एकेका पोराच्या दारात उभे राहायचे, माळ वाजवायचे आणि म्हणायचे, "चाल, मिरवाले." प्रेमराजच्या आईने विचारलं, "आबा, हा काय करणार मिरवून?" तर म्हणे, "काय करी? चाली. बईल काय करस?"

मी स्कुटी वळवली आणि उरलेल्यांना आणायला पळाले. आता नाटक नाही ना करायचं? मग मिरवू तर मिरवू.

आमच्या गावात आता पोळ्याला बैल थोडे आणि ट्रॅक्टर जास्त. ट्रॅक्टरला फुगे, रिबिनी, पुढे गोंडे. सगळे वेशीतून निघाले, आणि सगळ्यात मागे आबा, पांढरं धोतर, हातात घुंगरांची माळ, आणि त्यांच्यामागे जोडीजोडीने पिवळ्या मानांची अभ्यासिका. गाव पोट धरून हसत होतं. कोणीतरी ओरडलं, "आबा, डावीकडचा मारका आहे का?" डावीकडचा म्हणजे प्रेमराज. आबा म्हणाले, "नही, आळशी शे." मृणालीची आई पण बघायला उभी होती. मृणाली आबाला आधीच बोलली होती, "आबा, मला ते कुंकू, आरती, पूजा काही नको. पोळी चालेल." आबा म्हणाले होते, "बरं. तुले कुंकू नही. दोन पोया जास्त."

इकडे काका लवकर पोचले होते. लीलाधर ठेकेदाराला घेऊन थेट खळ्यावर. आम्ही मिरवणुकीतून आलो तर दार उघडं, आत कोणी नाही, काका कमरेवर हात ठेवून उभे, आणि लीलाधर टेप घेऊन गव्हाणीपुढे मापं घेतोय. खांबांवर लाल रंगाच्या फुल्या मारून झालेल्या. आबा दारातच थांबले. त्या फुल्यांकडे बघत राहिले.

"आबा," काका म्हणाले, जरा नरम आवाजात, "मी अर्धा तास झाला उभा आहे. कोणी नाही. पोथी नाही, पुस्तक नाही. रत्ना फोनवर म्हणाली होती अभ्यासिका भरलेली असते."

"असतेच!" मी म्हटलं. "आज सुट्टी आहे!"

"आजच?"

जिजी पाण्याची घागर घेऊन आली. उंबऱ्यावर एकेकाच्या पायांवर पाणी ओतलं, ज्यांना लावायचं त्यांना कुंकू लावलं. आणि पोरं आत गेली.

इथे बघा काय झालं. कोणी काही सांगितलं नाही. कोणी बोट दाखवलं नाही. आत अंधार, बाहेरून उन्हातून आलेली, डोळ्यांना धड दिसत नाही. तरी एकेक जोडी सरळ चालत गेली आणि आपापल्या जागी जाऊन बसली. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. कोणी कोणाला धडकलं नाही. कोणी चुकलं नाही. एकच मृणाली उभी राहिली, कारण तिच्या जागेत लीलाधर टेप धरून वाकला होता.

"ओ, उठा," ती म्हणाली. "ही माझी जागा आहे."

"अगं, माप घेतोय."

"घ्या. पण माझ्या जागेतून उठून घ्या."

लीलाधर उठला. उठून सरकला तर प्रेमराजच्या शेजारच्या जागेत गेला. प्रेमराजची जोडीदारीण भरतीत लागून गेली होती, तेवढी एकच जागा रिकामी होती. तो तिथे अडकला, दोन्ही बाजूंना पोरं, मधे ठेकेदार.

काका बघतच राहिले. ते शेतकऱ्याचंच पोर. लहानपणी संध्याकाळी रानातून बैल सोडले की कोणी न हाकता आपल्या गव्हाणीला येऊन उभे राहतात, हे त्यांनी रोज बघितलेलं. आणि रोज बांधल्याशिवाय जनावर जागा धरत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मी बोलणार होते, जिजीने माझा हात दाबला.

आबा तेवढ्यात म्हणाले, "पोयाले बईल औतले जुपेल दखा का तू कधी, भूपेंद्र?"

"नाही," काका म्हणाले.

"मंग पुस्तक कसाले शोधस?"

जिजीने गव्हाणीत ताटं मांडली. दूध, तूप, पोळ्या. लीलाधरपुढे पण ताट आलं, कारण जागेत जो बसेल त्याला ताट. तो म्हणाला, "मी डायटवर आहे." मग त्याने इतक्या पोळ्या खाल्ल्या की जिजीला परत खापर चढवावं लागलं. चौथ्या पोळीनंतर तो शेजारी प्रेमराजला विचारायला लागला, "इथे काय काय शिकवतात?"

"शिकवत कोणी नाही," प्रेमराज म्हणाला. "पण उठू देत नाहीत."

लीलाधरने हात थांबवला. "आमची पुनम आहे. एका जागी बसतच नाही. वर्ष वाया चाललंय." मग आबाकडे वळून, तुपाच्या हाताने गव्हाणीवर थाप मारून, "आबा, ही जागा कोणाची?"

"कोनीच नही."

"आमच्या पोरीला द्याल?"

काका म्हणाले, "लीलाधर, तू पाडायला आलायस."

"थांब रे. भरती होऊ दे तिची."

आबाने गंभीरपणे मान हलवली. "आनजो. पन पयले दात दखसू."

काका हसले. नको नको म्हणत हसले, पण हसले. मग वर बघितलं. धाब्यातून रात्रीच्या पावसाचा एक थेंब बरोब्बर त्यांच्या कपाळावर पडला. "हे गळतंय आबा," ते म्हणाले. "पोरांच्या पुस्तकांवर पडेल."

"मंग चढ ना वर, टाक खारी माती. मना गुडघा गयात. तुना शेतस ना?"

दुसऱ्या दिवशी भूपेंद्रकाका सुट्टी वाढवून धाब्यावर होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खारी माती तुडवत होते. खाली अभ्यास सुरू झाला होता. खांबांवरच्या लाल फुल्यांच्या बाजूला आबाने हळद लावली होती, खांब म्हणजे आजाचे खांदे, त्यांची पण पूजा झाली म्हणून. मी दुधाचे रिकामे कॅन घेऊन आले तेव्हा काका घामाघूम होऊन शिडीवरून उतरत होते. त्यांनी तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवायला लागले.

आबाने शीळ घातली.

काकांनी आबाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तांब्या रिकामा केला.